ट्रीमोनिशाचा हरवलेला वाद्यमेळ

मे १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये २३० पानांचं एक संगीताचं पुस्तक छापून निघालं. संगीतकार स्कॉट जॉप्लिन, शब्द स्कॉट जॉप्लिनचे, प्रकाशकही स्कॉट जॉप्लिनच. तीन अंकी ऑपेरा, नाव ‘ट्रीमोनिशा’. एकेकट्याची गाणी, समूहगान, नाच, पात्रांनी कुठून यायचं आणि कुठे थांबायचं, सगळं त्यात आहे. हंबरडा फोडणाऱ्या बायकांचे आवाज कसे चढायचे-उतरायचे तेही त्याने खास खुणा करून लिहिलं आहे. शेवटच्या नाचासाठी तर नाचणाऱ्यांना पावलापावलाच्या सूचना आहेत. इतकं सगळं असूनही गाण्याच्या ओळींखाली साथीला फक्त पियानो आहे. व्हायोलिनने काय वाजवायचं, कॉर्नेट कुठे उठायचा, ढोल कधी गप्प बसायचा, हे या पुस्तकात नाही. ते वेगळ्या हस्तलिखितात होतं, आणि ते हस्तलिखित कायमचं गेलं.

गेल्या पन्नासेक वर्षांत ‘ट्रीमोनिशा’ अनेकदा रंगमंचावर आला. त्याला ‘पुनरुज्जीवन’ म्हणायची पद्धत आहे. पण गाडलेली मूर्ती उकरून धुऊनपुसून पुन्हा बसवली, असं इथे एकदाही झालेलं नाही. दर वेळी कुणीतरी पियानोच्या दोन ओळींतून अख्खा वाद्यमेळ बांधला, आणि तो बांधताना जॉप्लिन नेमका कोण होता याचाही निकाल देऊन टाकला. ऑपेराचा मागोवा घ्यायला बसलं की तो या वाद्यमेळांचाच मागोवा होतो.

जॉप्लिनचा जन्म १८६८ च्या आसपास टेक्सासच्या ईशान्य कोपऱ्यात झाला आणि तो वाढला टेक्सार्काना गावात. वडील जाइल्स गुलामीतून सुटलेले, आई फ्लॉरेन्स जन्माने स्वतंत्र. आई गोऱ्यांच्या घरी साफसफाई करायची आणि मुलगा तिथल्या पियानोवर हात बसवायचा. ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने त्याला पाश्चात्त्य अभिजात संगीताचे धडे दिले. ऑपेराची ओढ तिथूनच लागली असं चरित्रकार मानतात. पुढे मिसूरीतल्या सिडेलिया गावी तो स्थिरावला आणि १८९९ मध्ये जॉन स्टार्क या प्रकाशकाने त्याचा ‘मेपल लीफ रॅग’ छापला. करारानुसार प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधन. रॅगटाइम म्हणजे डाव्या हाताची एकसारखी, पक्की चाल आणि तिच्यावर उजव्या हाताचे ठेका चुकवत जाणारे सूर. या प्रकाराचा राजा म्हणून जॉप्लिनचं नाव झालं, आणि पुढची सगळी वर्षं या नावाने त्याची पाठ सोडली नाही. दारूचे गुत्ते, नाचघरं, वेश्यावस्तीतले पियानो अशा जागांशी रॅगटाइमचं नाव जोडलेलं होतं. तिथला माणूस ऑपेरा लिहितो म्हटल्यावर लोक हसले नसते तरच नवल.

ऑपेरा हा त्याचा म्हातारपणीचा चाळाही नव्हता. १९०३ मध्येच ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ नावाचा ऑपेरा लिहून, मंडळी जमवून तो दौऱ्यावर निघाला होता. विषय धाडसाचा होता. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाला व्हाइट हाऊसमध्ये जेवायला बोलावलं आणि दक्षिणेत एकच गहजब उडाला. त्याच पंगतीवर हा ऑपेरा बेतला होता. दौरा मध्येच कोलमडला. हक्कनोंदणीचा अर्ज गेला, पण त्यासोबत जायला हवी होती ती प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कधी पोहोचलीच नाही. त्या ऑपेराचा आज एकही सूर शिल्लक नाही. हा अनुभव गाठीशी असल्यावर १९११ मध्ये पदरमोड करून २३० पानं छापणं आणि प्रत वेळेवर नोंदवणं याला केवळ हौस म्हणता येणार नाही. स्टार्कने छापायला नकार दिला होता. जॉप्लिनने ते पुस्तक छापलं नसतं, तर आज ‘ट्रीमोनिशा’चीही तीच गत झाली असती.

गोष्ट सप्टेंबर १८८४ मधली. आर्कान्सामधला एक मळा, टेक्सार्कानाच्या ईशान्येला, रेड नदीपासून तीन-चार मैलांवर. इतका नेमका पत्ता जॉप्लिनने स्वतः दिला आहे. नेड आणि मोनिशा या जोडप्याला झाडाखाली एक तान्ही मुलगी सापडली, तीच ट्रीमोनिशा. मोनिशाने एका गोऱ्या बाईचे कपडे धुतले, नेडने लाकडं फोडली आणि त्या मोबदल्यात बाईने मुलीला शिकवलं. आता ती अठरा वर्षांची आहे, आणि आसपासच्या वस्तीत लिहितावाचता येणारी तीच. ताईत, भानामती, नशिबाच्या पिशव्या विकणारे मांत्रिक तिला आपल्या धंद्यावरचं संकट समजून पळवून नेतात आणि गांधीलमाशांच्या पोळ्यात ढकलायला निघतात. बुजगावण्याचा वेश घेऊन तिचा मित्र रेमस तिला सोडवतो. वस्तीतले लोक मांत्रिकांना बडवायला उठतात तेव्हा ट्रीमोनिशाच मध्ये पडून त्यांना माफ करायला लावते, आणि लोक तिला आपली पुढारी म्हणून निवडतात. कृष्णवर्णीय वस्तीने आपणहून एका शिकलेल्या तरुण मुलीच्या हाती कारभार सोपवावा, हे १९११ मध्ये लिहिलं गेलं आहे. अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती व्हायला तेव्हा आणखी नऊ वर्षं होती.

मराठी वाचकाला इथे ‘तृतीय रत्न’ आठवल्याशिवाय राहणार नाही. भटजोशाच्या ग्रहदशेच्या धाकाखाली सापडलेलं कुणबी जोडपं आणि शिक्षणाने त्यांना मिळालेली वाट, हे नाटक जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. कमिटीने ते बाजूला सारलं आणि ते छापून यायला १९७९ उजाडलं. त्याच फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. जॉप्लिनला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण दोन्हीकडे अंधश्रद्धेला औषध म्हणून शाळा आहे, आणि ते औषध देणारी कृती दोन्हीकडे दीर्घकाळ दप्तरात पडून राहिली आहे.

या ऑपेरामागे घरची एक सल असावी, असं चरित्रकार एडवर्ड बर्लिन मांडतो. जॉप्लिनने जून १९०४ मध्ये आर्कान्सामधल्या फ्रेडी अलेक्झांडर या तरुण, शिकलेल्या मुलीशी लग्न केलं. त्याच सप्टेंबरमध्ये ती न्यूमोनियाने गेली. ट्रीमोनिशात फ्रेडी आहे असं म्हणायला पक्का पुरावा नाही. पण गोष्टीचं राज्य आर्कान्सा आणि महिना सप्टेंबर, हे पाहिल्यावर बर्लिनचं म्हणणं उडवून लावणंही जड जातं.

पुस्तक छापल्यावर ‘अमेरिकन म्युझिशियन अँड आर्ट जर्नल’ने जून १९११ मध्ये भरभरून कौतुक केलं. पण कौतुकाने पडदा उठत नाही. पैसा लावायला कुणी पुढे आलं नाही. १९१३ मध्ये हार्लेममधल्या लाफायेट थिएटरात प्रयोगाची घोषणा झाली आणि विरली. त्याच सुमारास आपला ऑपेरा रॅगटाइम नव्हे, हे जॉप्लिन वर्तमानपत्रातून ठासून सांगत होता. त्याचं खरंच होतं. शेवटचा नाच आणि आणखी एक-दोन जागा सोडल्या तर इथे रॅगटाइम फारसा नाही. चर्चमधल्या समूहगानाचे, शेतातल्या हाळ्यांचे, चार पुरुषांनी सूर जुळवून गायच्या पद्धतीचे, आणि अर्थातच युरोपीय ऑपेराचे धागे आहेत. कवितेच्या बाजूने शब्द कच्चे आहेत, काही ठिकाणी अगदी शाळकरी. तरी मला वाटतं त्या शब्दांची टर उडवणाऱ्यांनी व्हेर्दीच्या कित्येक ऑपेरांचे शब्द एकदा निवांत वाचावेत.

प्रचलित हकिकतीनुसार जॉप्लिनने हार्लेममध्ये निमंत्रितांसमोर ऑपेराचं एक वाचन घडवून आणलं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, वाद्यमेळ नाही, पियानोवर तो स्वतः. लोकांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कारण असं सांगितलं जातं की हार्लेममध्ये नव्याने बस्तान बसवणाऱ्या कृष्णवर्णीयांना मळ्यावरचं आयुष्य, मांत्रिक आणि मका सोलणाऱ्या बाया पुन्हा बघायच्या नव्हत्या. असेलही. पण मला साधी गोष्ट जास्त पटते. तीन अंकांचा ऑपेरा नुसत्या पियानोवर बसून ऐकवला तर कुठल्याही गावचा प्रेक्षक जांभया देईल.

वाद्यमेळ मात्र कागदावर तयार होत होता. सॅम पॅटरसन हा मित्र वाद्यांचे पार्ट उतरवून काढायला जॉप्लिनला मदत करत असे. ५ मे १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या मार्टिन-स्मिथ संगीतशाळेच्या कार्यक्रमात दुसऱ्या अंकातला अस्वलांचा नाच वाद्यमेळासह वाजवला गेला. म्हणजे निदान तेवढ्या भागाचे पार्ट लिहिलेले होते, वाजवणाऱ्यांच्या हातात पडले होते आणि वाजलेही होते. जॉप्लिनच्या हयातीतला ‘ट्रीमोनिशा’च्या वाद्यमेळाचा आवाज म्हणून ही नोंद धरता येते. तोवर उपदंश त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचला होता. १ एप्रिल १९१७ रोजी वॉर्ड्स आयलंडवरच्या मनोरुग्णालयात तो वारला. क्वीन्समधल्या सेंट मायकल्स दफनभूमीत त्याची कबर १९७४ पर्यंत बिनफलकाची होती.

हस्तलिखितं त्याची नंतरची बायको लॉटी हिच्या हार्लेममधल्या घरी राहिली. लॉटीने ती जपली, आणि ऑपेराच्या हक्काचं मुदतीत नूतनीकरणही केलं. ही बाई फारशी कुणाच्या लेखी नसते, पण या साखळीतली ती सगळ्यांत भक्कम कडी आहे. १९४० च्या दशकाअखेरीस रुडी ब्लेश आणि हॅरियट जॅनिस हे दोघे रॅगटाइमचा इतिहास लिहायला निघाले तेव्हा लॉटीने त्यांना जॉप्लिनबद्दल सांगितलं. त्यांचं पुस्तक १९५० मध्ये आलं. १९५३ मध्ये लॉटी गेली आणि कागद विल्बर स्वेटमन या जुन्या क्लॅरिनेटवादकाकडे आले. १९६१ मध्ये स्वेटमनही गेला. मागे वारसांची भांडणं लागली आणि कागदांचा ढीग त्यात नाहीसा झाला. पुढे नऊ वर्षांत सारं जग जॉप्लिनचे रॅग गुणगुणणार होतं. रद्दीत काय गेलं हे कळायला तेवढाच उशीर झाला.

नोव्हेंबर १९७० मध्ये जोशुआ रिफ्किनची जॉप्लिनच्या रॅगची तबकडी आली. ‘नॉनसच’ ही अभिजात संगीताची कंपनी, त्यामुळे दुकानदारांनी ती बाखच्या शेजारी ठेवली. १९७१ मध्ये व्हेरा ब्रॉड्स्की लॉरेन्सने संपादित केलेलं जॉप्लिनचं समग्र संगीत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने दोन खंडांत काढलं. एकाहून एक प्रकाशक आधी तिला नकार देऊन बसले होते. दुसऱ्या खंडात ‘ट्रीमोनिशा’ सबंध होता. साठ वर्षांनी ती २३० पानं पुन्हा लोकांच्या हातात आली.

पहिला संपूर्ण प्रयोग जानेवारी १९७२ च्या अखेरीस अटलांटात झाला. मोरहाउस कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या नामांकित महाविद्यालयाने पुढाकार घेतला, अटलांटा सिंफनी साथीला, कंडक्टर रॉबर्ट शॉ, दिग्दर्शन आणि नृत्य कॅथरिन डनहॅमचं. वाद्यमेळ लिहिला टी. जे. अँडरसनने. तो स्वतः कृष्णवर्णीय संगीतकार, अटलांटा सिंफनीचा निवासी संगीतकार राहिलेला, आणि त्याचं स्वतःचं संगीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचं, जॉप्लिनपासून कोसभर लांबचं. त्याने इथे आपलं वेगळेपण मागे ठेवलं. या प्रयोगाबद्दल नंतर फार कमी बोललं जातं, कारण पुढच्या वर्षी सिनेमाने सगळंच उलटंपालटं केलं.

‘द स्टिंग’ १९७३ च्या शेवटी लागला. गोष्ट १९३६ च्या शिकागोमधली, संगीत मात्र तीन दशकांपूर्वीचं; काळाच्या हिशेबात ही ढळढळीत चूक आहे आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. त्यातला जॉप्लिनचा ‘द एंटरटेनर’ रेडिओवर धो धो वाजू लागला, आणि सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी गुंथर शुलरने न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘द रेड बॅक बुक’ ही तबकडी काढली होती. ते लाल पाठीचं पुस्तक म्हणजे स्टार्कने छापलेला, छोट्या बँडसाठी रॅग मांडलेला जुना संग्रह. हे नाव पुढे पुन्हा येईल.

आता जॉप्लिन खपत होता. ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने मे १९७५ मध्ये उघड्या मैदानावरच्या मिलर थिएटरात ‘ट्रीमोनिशा’ उभा केला. दिग्दर्शक फ्रँक कॉर्सारो, नृत्य लुई जॉन्सनचं, नायिका कार्मेन बॉलथ्रॉप, मोनिशाच्या भूमिकेत बेटी ॲलन, नेड म्हणून विलर्ड व्हाइट. वाद्यमेळ आणि संचालन शुलरचं. २१ ऑक्टोबरला तो ब्रॉडवेवरच्या युरिस थिएटरात आला आणि त्याचे ६४ प्रयोग झाले. डॉइच ग्रामोफोनने ध्वनिमुद्रण काढलं. १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर विशेष पुलित्झर देण्यात आलं.

शुलरचा वाद्यमेळ भरघोस आहे. ऑपेरागृहात बसल्याची जाणीव तो पहिल्या मिनिटात करून देतो. त्यामागे एक उत्तर आहे, आणि ते १९७५ च्या अमेरिकेला हवंही होतं: हा माणूस ऑपेराच्या दालनात मानाने बसण्याच्या योग्यतेचा आहे, तेव्हा त्याला त्या दालनाचा पोशाख द्या. मी ते ध्वनिमुद्रण पुष्कळ ऐकलं आहे, आणि बॉलथ्रॉपच्या गळ्याला तोड नाही. पण कधी कधी वाद्यांची दाटी गाणाऱ्यांच्या अंगावर येते, आणि जॉप्लिनच्या साध्या, उघड्या जागा उगाच भरून गेल्यासारख्या वाटतात. गंमत अशी की लाल पाठीच्या पुस्तकातून छोट्या बँडचा आवाज जगाला पुन्हा ऐकवणारा माणूस शुलरच होता.

तोच धागा रिक बेंजामिनने उचलला. ज्युलिअर्डमध्ये शिकत असताना, १९८५ मध्ये, त्याच्या हाती आर्थर प्रायर या जुन्या बँडमास्टरचा संगीतसंग्रह लागला. त्यात होते नाट्यगृहांच्या वाद्यमेळांसाठी छापलेले हजारो पार्ट. त्या काळी अमेरिकेतल्या गावोगावच्या थिएटरांत दहा-बारा वादकांचा ताफा असे: दोन-चार तंतुवाद्यं, बासरी, क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ढोल आणि पियानो. कंडक्टर बहुधा पहिल्या व्हायोलिनच्या पार्टवरून ताफा चालवी. प्रकाशकही संगीत याच मापात छापत. बेंजामिनचा युक्तिवाद सरळ आहे. जॉप्लिन या थिएटरांत वावरला, याच ताफ्यांसाठी त्याचं संगीत मांडलं गेलं, आणि १९११ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकाराला मेट्रोपॉलिटन ऑपेराचा वाद्यमेळ मिळण्याची शक्यता शून्य होती. मग तो कुणासाठी लिहीत असेल? बेंजामिनने बारा वाद्यांचा मेळ बांधला, २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सादर केला आणि २०११ मध्ये, पुस्तकाच्या शताब्दीला, त्याचं ध्वनिमुद्रण काढलं.

हा आवाज ऐकल्यावर ऑपेराचं वजनच बदलतं. क्लॅरिनेट एकटा बोलतो, कॉर्नेट वस्तीतल्या शिंगासारखा उठतो, आणि शब्द ऐकू येतात. माझं मत बेंजामिनच्या बाजूचं आहे. पण त्याच्या युक्तिवादात एक फट आहे, तीही सांगायला हवी. जॉप्लिनला काय मिळालं असतं यावरून त्याला काय हवं होतं हे ठरवता येत नाही. पदरचे पैसे घालून २३० पानं छापणारा माणूस परवडेल तेवढंच मागत होता, असं गृहीत धरणं जरा घाईचं आहे.

या भिन्न आवाजांना कायद्याचीही एक बाजू आहे. १९७० च्या दशकात ऑपेराचे हक्क लॉटीच्या नावाने स्थापलेल्या न्यासाकडे होते आणि तो ते कोर्टात जाऊन राखत असे. परवानगीशिवाय हात लावता येत नव्हता. पंचाहत्तर वर्षांची मुदत १९८६ च्या अखेरीस संपली आणि ‘ट्रीमोनिशा’ सगळ्यांचा झाला. त्यानंतर पियानोच्या ओळींवर कुणीही आपला मेळ बांधू शकत होता, पुढे शब्दही बदलू शकत होता.

शब्द बदलण्याची वेळ २०२३ मध्ये आली, आणि एकाच उन्हाळ्यात दोनदा. जॉप्लिन काही वर्षं राहिला त्या सेंट लुईस शहराच्या ऑपेरा थिएटरात डेमियन स्नीडने नव्याने वाद्यमेळ केला, आणि कॅरन चिल्टनच्या शब्दांसह सुरुवातीला आणि शेवटी दोन नवे प्रवेश जोडले. त्यांत मरणाच्या छायेतला जॉप्लिन आणि फ्रेडी स्वतः रंगमंचावर येतात. टोरांटोत व्होल्केनो थिएटरने आणखी पुढे पाऊल टाकलं. लिआ-सिमोन बोवेन आणि चेरिल डेव्हिसने संहिता नव्याने रचली, जानिना नॉर्पोथ आणि जेसी माँटगोमेरीने संगीत नव्याने मांडलं. जॉप्लिनच्या गोष्टीत ज्ञान गोऱ्या बाईच्या घरातून येतं आणि मांत्रिक सरळसोट लबाड आहेत. हे दोन्ही आजच्या कृष्णवर्णीय कलावंतांना खुपतं. आफ्रिकेतून आलेल्या श्रद्धा आणि जडीबुटीचं ज्ञान त्यांना नुसती फसवणूक वाटत नाही. आक्षेप बिनबुडाचा मुळीच नाही. तरी टोरांटोच्या पद्धतीबद्दल मला धास्ती वाटते. वाद्यमेळ हरवला म्हणून तो नव्याने बांधावा लागला. संहिता हरवलेली नव्हती. जॉप्लिनचं मत आपल्याला पटत नाही म्हणून ते दुरुस्त केलं, की १९११ मधल्या एका कृष्णवर्णीय माणसाने शाळेवर किती भिस्त ठेवली होती हेच प्रेक्षकाला कळेनासं होतं. सेंट लुईसचा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो: भर घातली, पण मूळ मधोमध ठेवलं.

अशीच कामं आता इतरत्रही निघाली आहेत. हार्लेममधल्या हॅरी लॉरेन्स फ्रीमनचा १९२८ मधला ऑपेरा ‘व्हूडू’ २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मिलर थिएटरात पुन्हा ऐकवला गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये कारकीर्द घालवलेल्या एडमंड देदेने १८८७ मध्ये पूर्ण केलेला ‘मोर्जियान’ तर पहिल्यांदाच २०२५ मध्ये सबंध सादर झाला. त्या दोघांची वाद्यमेळासह हस्तलिखितं ग्रंथालयांत सुखरूप होती, फक्त कुणी मागत नव्हतं. तिथे प्रश्न पार्ट स्वच्छ उतरवून घेण्याचा आणि पैसा उभा करण्याचा असतो. ‘ट्रीमोनिशा’ करू पाहणाऱ्या प्रत्येक कंपनीला त्याआधी एक जास्तीचा प्रश्न सोडवावा लागतो: अँडरसन, शुलर, बेंजामिन, स्नीड, की आणखी कुणी नवा. शहर बदललं की उत्तर बदलतं, आणि भाड्याने मागवायच्या पार्टचा पत्ताही.